बिघाड नेमका कुठे? जमिनीखालच्या केबलमधला फॉल्ट शोधण्याची गोष्ट



पावसाळ्यातलं एक दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. रात्रीचे दोन वाजलेत, अर्धी गल्ली अंधारात आहे आणि कोपऱ्यावर वीज कंपनीची गाडी उभी आहे. दर काही सेकंदांनी कुठून तरी 'ठक्... ठक्...' असा दबका आवाज येतोय. एक माणूस कानाला हेडफोन लावून, हातातलं बशीसारखं यंत्र जमिनीवर टेकवत, फूटपाथवरून पाऊल पाऊल पुढं सरकतोय. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडून विचारतं, "अहो, अजून किती वेळ?" तो मान वर करत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष ऐकण्यात आहे. मग एका जागी तो थांबतो, खडूनं फरशीवर फुली मारतो आणि म्हणतो, "इथं खणा."

खणतात. मीटरभर खाली काळी पडलेली, फुटलेली केबल सापडते.

आता मला सांगा, याला कळलं कसं? केबल असते किलोमीटर-दोन किलोमीटर लांब, आणि वर डांबर, फरशा, गटारं, दुकानं. दिसत काहीच नाही. हातात येतात ती केबलची फक्त दोन टोकं, या सबस्टेशनमधलं एक आणि त्या सबस्टेशनमधलं दुसरं. मधल्या कुठल्या तरी बोटभर जागेत इन्सुलेशन, म्हणजे तांब्याभोवतीचं विजेला अडवून धरणारं आवरण, फाटलेलं आहे. ती बोटभर जागा टोकाशी बसून शोधायची, हा आजचा विषय.

या प्रश्नाची सुरुवात शहरात झाली नाही, ती समुद्रात झाली. आणि मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगून टाकतो. फॉल्ट शोधायचं काम फॉल्ट झाल्यावर सुरू होत नाही. केबल धडधाकट असताना कुणी काय मोजलं आणि काय लिहून ठेवलं, तिथंच ते सुरू झालेलं असतं. ही अक्कल माणसाला फुकट आली नाही, फार मोठी किंमत मोजून आली.

एक चीक आणि खूप आशा

१८४०च्या दशकात मलाया भागातल्या झाडांचा एक चीक युरोपात पोचला. त्याचं नाव गटापर्चा. गरम केला की मऊ होतो, गार झाला की घट्ट, आणि पाण्यात टिकतो. वीज अडवायलाही उत्तम. वेर्नर सीमेन्सनं १८४७ मध्ये तांब्याच्या तारेवर तो चढवला आणि लगेच प्रशियात जमिनीखालून टेलिग्राफच्या तारा टाकल्या गेल्या. घाई फार होती. तारा उथळ पुरल्या, वर संरक्षक कवच नाही. काही वर्षांत तारा एकामागून एक बिघडू लागल्या. उंदीर-घुशींनी आवरण कुरतडलं. शिवाय गटापर्चात गंधक मिसळलं होतं, त्यानंही घात केला.

म्हणजे इन्सुलेटेड केबल जन्माला आली आणि तिच्याबरोबरच 'बिघाड कुठे?' हा प्रश्नही जन्माला आला. जमिनीत निदान खणता येतं. समुद्रात काय करणार?

तीनशे मैलांचा वाद

५ ऑगस्ट १८५८. आयर्लंडमधल्या व्हॅलेन्शियापासून न्यूफाउंडलंडपर्यंत, अटलांटिकच्या तळाशी, दोन हजार मैलांहून लांब केबल टाकून झाली. राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना गेला. शंभरएक शब्दांचा संदेश, आणि तो जायला लागले सुमारे सोळा तास! तरी न्यूयॉर्कमध्ये एवढी आतषबाजी झाली की तिथल्या सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली.

आपल्याशी जोडलेला एक धागाही इथं आहे. १८५७च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना परत बोलावलं होतं. उठाव आटोक्यात येतोय असं दिसल्यावर 'निघू नका' असा निरोप या केबलवरून गेला आणि सैन्य हलवण्याचा हजारो पौंडांचा खर्च वाचला. सरकारला केबलची किंमत कळली ती अशी, रोख हिशेबात.

पण केबल आजारीच जन्मली होती. काही ठिकाणी तांब्याची तार आवरणाच्या मधोमध नव्हती. आदल्या वर्षी केबल उन्हात पडून राहिली होती, तेव्हा गटापर्चा मऊ होऊन तार आणखी एका बाजूला सरकली. त्यात कंपनीचा वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस, जो पेशानं सर्जन होता, त्याचा विश्वास मोठ्या दाबावर. पाच-पाच फुटांच्या इंडक्शन कॉइल लावून सुमारे दोन हजार व्होल्टचे झटके त्यानं या केबलमध्ये सोडले. जिथं आवरण पातळ होतं, तिथं ते आणखी खचलं.

संदेश अडखळू लागल्यावर प्रश्न आला, बिघाड कुठे आहे? व्हाइटहाउस म्हणाला, इथंच, किनाऱ्याजवळ. संचालकांना न जुमानता त्यानं बंदरातली केबल उचलायला लावली. ऑगस्टमध्येच कंपनीनं त्याला कामावरून काढलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला केबल जवळपास मुकी झाली. मग क्रॉमवेल व्हार्ली व्हॅलेन्शियाला आला आणि त्यानं मोजमापं घेतली. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, हेही या शोधात होते. व्हार्लीचं उत्तर होतं की मोठा बिघाड किनाऱ्यापासून अडीचशे-तीनशे मैलांवर, भर समुद्रात आहे.

एक म्हणतो दारात, दुसरा म्हणतो तीनशे मैलांवर. हा फरक कशामुळे? दोघांतला एक हट्टी होता, हे खरंच. पण तेवढंच नाही. मोजणार कशात, हेच ठरलेलं नव्हतं.

रोधाचं अंतर कसं होतं

इथं थोडं शास्त्र बघू, फार नाही. तारेतून वीज जाताना जो अडथळा होतो त्याला रोध म्हणतात, रोजच्या बोलण्यात रेझिस्टन्स. एकाच जाडीची, एकाच धातूची तार असेल तर लांबी दुप्पट की रोध दुप्पट. आता समजा केबलचं आवरण मध्येच फाटलं आणि तांबं पाण्याला लागलं. टोकाशी बसून मी वीज सोडली तर ती फॉल्टपर्यंत जाईल आणि तिथून समुद्रात उतरेल. मला जो रोध मोजता येईल तो फॉल्टपर्यंतच्या तारेचा. त्याला मैलामागच्या रोधानं भागलं की अंतर आलं. झालं काम!

नाही झालं. यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की फॉल्टच्या जागेलाही स्वतःचा रोध असतो. तिथं तांब्यावर गंज चढतो, बुडबुडे जमतात, तो रोध मिनिटामिनिटाला बदलतो. मी मोजतो ती बेरीज, आणि त्यात तार किती नि फॉल्ट किती ते कळत नाही. यावर तोडगा निघाला. एकदा पलीकडचं टोक मोकळं ठेवून मोजायचं, एकदा तेच टोक जमिनीला जोडून मोजायचं, आणि दोन्ही आकड्यांवरून दोन अज्ञात काढायचे, फॉल्टचं अंतर आणि फॉल्टचा रोध. फ्रेंच अभियंता ब्लाव्हिए याच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. पण लक्षात घ्या, या गणितात तिसरा आकडाही लागतो, निरोगी केबलचा एकूण रोध. तो आज मोजता येत नाही. तो आधी कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

आता दुसरी अडचण. लिहून ठेवायचा, पण कोणत्या मापात? त्या काळी प्रत्येकाचं माप वेगळं. कुणी म्हणे 'अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेचे इतके मैल'. ऐकायला सोपं वाटतं. पण १८५७ मध्येच थॉमसननं दाखवून दिलं होतं की बाजारातलं तांबं सारखं नसतं. दिसायला तीच तार, पण वीज वाहून नेण्यात एका तांब्यात आणि दुसऱ्यात जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो. म्हणजे फूटपट्टीच रबराची! त्या फूटपट्टीनं समुद्रातलं अंतर मोजायचं कसं?

लाल समुद्रातली पन्नास वर्षांची उधारी

अटलांटिकचं नुकसान कंपनीच्या भागधारकांनी सोसलं. पुढचा फटका सरकारी तिजोरीला बसला. १८५९-६० मध्ये सुएझपासून लाल समुद्रातून एडनला आणि तिथून कराचीला केबल टाकली. उठावानंतर हिंदुस्थानशी झटपट संपर्क हवा म्हणून लंडनच्या सरकारनं आठ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के परतावा पन्नास वर्षं देण्याची हमी घेतली. केबल हलकी होती आणि तळावर ताणून टाकली होती. प्रवाळाच्या उंचवट्यांमध्ये ती दोरीसारखी लोंबत राहिली, तिच्यावर शिंपल्यांचे थर चढले आणि त्यांच्या वजनानं ती तुटत गेली. तुकडे बंद पडले ते पडलेच, पण हमी चालू राहिली. वर्षाला ३६ हजार पौंड, मुक्या केबलसाठी!

तेव्हा कुठे चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. तोवर जगात अकरा हजार मैलांहून जास्त समुद्री केबल टाकून झाली होती आणि त्यातली चालू होती जेमतेम तीन हजार मैल. ज्यांनी कधी केबलला हात लावला नव्हता त्यांनाही हे आकडे कळले.

त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क यांनी निबंध वाचला. दोघंही केबलचे अभियंते. विजेची सगळी मापं एका सूत्रात, नावं देऊन, ठरवा अशी त्यांची मागणी. थॉमसन यांच्या पुढाकारानं समिती बसली. तिच्यात पुढं जेम्स क्लार्क मॅक्सवेलही आले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये तारेचं वेटोळं फिरवून प्रयोग झाले, आणि १८६५ मध्ये रोधाचं प्रमाण म्हणून घडवलेली वेटोळी वाटली जाऊ लागली. त्या एककालाच पुढं आपण 'ओहम' म्हणू लागलो.

शाळेत आपण ओहमचा नियम घोकतो आणि समजतो की हे सगळं कुठल्या तरी शांत प्रयोगशाळेतून आलं. नियम तसा आलाही असेल. पण माप आलं ते घाईतून. समुद्राच्या तळाशी बुडालेले पैसे नेमके कुठे बुडालेत हे सांगता यावं म्हणून आलं. व्हॅलेन्शियात मोजलेला आकडा लंडनच्या कारखान्यातल्या आकड्याशी ताडून बघता यावा, एवढी साधी गरज होती ती.

आणि उपयोग लगेच दिसला, आपल्या शेजारच्या समुद्रात. १८६४ मध्ये ग्वादरपासून इराणच्या आखातातून फावपर्यंत केबल टाकली. अभियंते तेच, ब्राइट आणि क्लार्क. या वेळी केबल कारखान्यातच पाण्यात बुडवून, तापमान सांभाळून तपासली आणि आकडे लिहून ठेवले. ती केबल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली. त्यातलं एक जहाज होतं 'ट्वीड'. ते मूळचं मुंबईचंच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'पंजाब' नावाची युद्धनौका, पुढं विकली गेली आणि नाव बदलून माहेरी परतली ती पोटात केबल घेऊन! ही आखातातली केबल टिकली, आणि १८६५ मध्ये हिंदुस्थान लंडनशी तारेनं जोडला गेला. पुढं १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानं मुंबई ते एडन केबल टाकली, तोवर हे शास्त्र रुळलं होतं. केबल तुटली तर दुरुस्तीचं जहाज अमुक मैलांवर जाऊन गळ टाकायचं, आणि केबल सापडायची.

घोडे, छिन्नी आणि शहर

आता समुद्रातून शहरात येऊ. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. त्याच्या केबल म्हणजे वीस-वीस फुटांचे लोखंडी पाइप, आत तांब्याच्या कांबी, आणि भोवती ओतलेलं डांबरासारखं मिश्रण. दर वीस फुटांवर जोड आला, आणि जोड आला की दुखणं आलं. एडिसन स्वतः एक किस्सा सांगत असे. ॲन आणि नॅसॉ रस्त्यांच्या कोपऱ्यावर वीज ओल्या जमिनीत गळत होती आणि तिथून जाणारे घोडे अचानक उधळत होते. नालांमधून झटका बसत होता ना! विजेच्या केबलचा फॉल्ट शोधणारं एक जुनं 'यंत्र' म्हणजे बिचारा घोडा.

लंडनमध्ये तरुण सबॅस्टियन फेरांटीनं त्याहून धाडस केलं. डेप्टफर्डहून लंडनच्या मध्यभागी १०,००० व्होल्टची वीज न्यायची ठरवली. तेवढा दाब सोसणारी केबल बाजारात नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच बनवली. तांब्याच्या नळीत नळी, आणि मध्ये मेणात भिजवलेला कागद. १८९०-९१च्या सुमारास ती चालू झाली आणि तिचे काही भाग १९३० च्या दशकापर्यंत चालले. कागद! तेव्हापासून जवळजवळ ऐंशी वर्षं मोठ्या दाबाच्या केबलचं इन्सुलेशन म्हणजे तेल प्यायलेला कागद आणि त्यावर शिशाचं आवरण, हेच समीकरण राहिलं. पण लोक घाबरले की रस्त्यात कुणाची कुदळ लागली तर? म्हणून फेरांटीनं प्रयोग करून दाखवला. त्याच्या एका सहकाऱ्यानं चालू केबलवर हातानं छिन्नी धरली आणि दुसऱ्यानं घण घातला. छिन्नी आत गेली, फ्यूज उडाला, धरणारा सुखरूप राहिला. बाहेरची नळी जमिनीला जोडलेली होती, म्हणून. ही छिन्नी लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

मुंबईत १९०५ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. मुंबईच्या जुन्या शहरात वीज घरोघर जाते ती मुख्यतः जमिनीखालूनच. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या शहराच्या पोटात केबलवर केबल चढत आलेली आहे.

वर्तुळ पुरं करण्याची युक्ती

शहरातल्या केबलला समुद्रातल्या केबलपेक्षा एक मोठी सोय आहे. समुद्रात एकच तार होती. शहरात एका केबलच्या पोटात बहुधा तीन तारा असतात आणि तिन्ही एकदम बिघडतातच असं नाही. मग काय करायचं? पलीकडच्या टोकाला बिघडलेली तार चांगल्या तारेला जोडायची. आता माझ्या हातात एक वर्तुळ आलं. मी इकडून जातो, तिकडून परत येतो, आणि मध्ये कुठेतरी फॉल्ट आहे. या वर्तुळावर तराजूसारखा विजेचा पूल बसवायचा. याला मरे लूप म्हणतात, आणि त्याचाच भाऊ व्हार्ली लूप, तोच आपला व्हॅलेन्शियाचा व्हार्ली.

उदाहरण घेऊ. केबल १,००० मीटर, म्हणजे वर्तुळ २,००० मीटरचं. पुलाचा काटा शून्यावर आला तेव्हा प्रमाण आलं शंभरात एकतीस. २,००० चे ३१ टक्के म्हणजे ६२०. फॉल्ट ६२० मीटरवर! यात सौंदर्य कशात आहे? फॉल्टचा स्वतःचा रोध या उत्तरात येतच नाही. तो बॅटरीच्या बाजूला पडतो. समुद्रात ज्यानं छळलं, तो इथं गणितातून बाहेर गेला.

पण पूर्ण नाही. फॉल्टचा रोध फारच मोठा असेल तर पुलातून वीजच इतकी कमी जाते की काटा हलत नाही. आणि मोठ्या दाबाच्या केबलचे फॉल्ट नेमके असेच लबाड. मेगर लावला तर कधी कधी म्हणतो, सगळं ठीक. ११ हजार व्होल्ट दिले की त्याच जागी ठिणगी पडते. दिवसा साळसूद आणि रात्री चोर! मग जुने लोक काय करायचे, तर तो फॉल्ट 'जाळायचे'. मोठ्या दाबानं वीज सोडून तिथला कागद करपवायचा, कोळसा करायचा, की रोध खाली येतो, आणि मग पूल लावायचा. रोग सापडावा म्हणून आधी तो वाढवायचा, असा प्रकार.

प्रतिध्वनी

दुसऱ्या महायुद्धात रडार आलं आणि त्यातून नवी वाट सापडली. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसंच. केबलमध्ये अगदी छोटा विजेचा धक्का सोडायचा. जिथं केबलचा स्वभाव बदलतो, जोड असेल, शेवट असेल, फॉल्ट असेल, तिथून त्याचा काही भाग परत येतो. प्लास्टिकच्या, म्हणजे एक्सएलपीई केबलमध्ये हा धक्का एका मायक्रोसेकंदात साधारण १६०-१७० मीटर जातो. जाऊन परत यायचं असल्यामुळे एका मायक्रोसेकंदाला सुमारे ८० मीटर असा हिशेब. तार तुटली असेल तर प्रतिध्वनी सुलट येतो आणि शॉर्ट असेल तर उलटा. पडद्यावरची रेघ बघून जाणकार माणूस केबलची सगळी कुंडली वाचतो.

पण पुन्हा तो लबाड फॉल्ट! छोट्या धक्क्याला तो दादच देत नाही. म्हणून मोठ्या कपॅसिटरमधून जोराचा दणका देतात. फॉल्टच्या जागी क्षणभर ठिणगी पेटते, आणि ठिणगी पेटलेली असतानाच छोटा धक्का सोडतात. त्या क्षणी फॉल्ट शॉर्टसारखा दिसतो आणि पकडला जातो. सुरुवातीला सांगितलेला 'ठक्... ठक्...' हाच. जमिनीखाली ठिणगी फुटते त्याचा आवाज. दणक्याबरोबर चुंबकीय लहर वर लगेच पोचते, आवाज जरा मागून येतो. दोहोंतलं अंतर जिथं सगळ्यात कमी, तिथं बरोबर खाली फॉल्ट. बशीवाला माणूस हेच शोधत असतो.

दणके कितीही द्यावेत असं मात्र नाही. एक्सएलपीई केबल साठच्या दशकात आल्या तेव्हा वाटलं, आता ओलाव्याची भीती गेली. नंतर कळलं की पाणी आणि विजेचा ताण मिळून त्या प्लास्टिकमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या अतिसूक्ष्म चिरा वाढतात. अशा जुन्या केबलला तासभर दणके दिले तर एक फॉल्ट सापडतो आणि दुसरा तयार होतो. १८५८ मधले दोन हजार व्होल्ट आठवा. म्हणून आधी अंतर काढायचं आणि दणका शेवटच्या काही मीटरांपुरता ठेवायचा.

मिस्त्रींची वही

शेवटी माझी स्वतःची एक फजिती सांगतो. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं. पावसाची रात्र, फीडर गेलेला, हजारभर घरं अंधारात. मी पूल लावला, तीनदा मोजलं, तीनदा तेच उत्तर आलं, ४१२ मीटर. टेप घेऊन रस्त्यावरून ४१२ मीटर मोजले आणि खणायला लावलं. दोन तास चिखलात खणून केबल उघडी केली. निरोगी! चकचकीत! माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आमचे जॉइंटर मिस्त्री तोवर गप्प होते. निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब, नाल्यापाशी केबल सरळ जात नाही. पूल बांधला तेव्हा फेरा घालून नेली. तिथं अठ्ठावीस मीटर जास्तीची आहे." मी विचारलं, "मिस्त्री, आधी का नाही सांगितलंत?" "तुम्ही विचारलंत कुठे?" एवढं बोलून त्यांनी खाकी पिशवीतून एक वही काढली. त्यांनी आयुष्यात केलेला प्रत्येक जोड त्यात होता. तारीख, कुठल्या खांबापासून किती पावलं, केबल तांब्याची की ॲल्युमिनियमची, किती खोल. आम्ही अठ्ठावीस मीटर मागं आलो आणि खणलं. फॉल्ट तिथंच होता, एका जुन्या जोडात.

माझं मोजमाप चुकलं नव्हतं. ४१२ मीटर बरोबरच होते, पण ते केबलवरचे. रस्त्यावरचे नव्हते. वीज केबलनं जाते, आणि मी रस्त्यानं चाललो होतो.

आणि फॉल्ट सापडला म्हणून काम संपत नाही. खड्ड्यात बहुतेक वेळा तीन-चार केबल शेजारी शेजारी असतात, सगळ्या सारख्याच काळ्या. त्यातली बंद कुठली, चालू कुठली? नोंद चुकली तर करवत चालवणाऱ्याचा जीव जातो. म्हणून कापण्याआधी दुरून चालणाऱ्या यंत्रानं केबलमध्ये खिळा घालतात आणि ती खरंच मेलेली आहे याची खात्री करतात. फेरांटीच्या सहकाऱ्यानं हातात धरलेली ती छिन्नीच ही. फरक एवढाच की आता ती कुणी हातात धरत नाही.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा ती वही आम्ही मागून घेतली आणि दोघं जण बसून तिच्यातली प्रत्येक नोंद कार्यालयाच्या नकाशावर चढवली. तीन आठवडे लागले. आज ते काम संगणकावर होतं, उपग्रहानं जागा नोंदवता येते. पण खड्डा बुजवण्याआधी नोंद करायची की नाही, हे अजूनही खड्ड्यापाशी उभा असलेला माणूसच ठरवतो. पहाटेचे चार वाजलेले असतात, तो भिजलेला असतो आणि त्याला घरी जायचं असतं. त्या पाच मिनिटांत त्यानं जे लिहिलं, त्यावर वीस वर्षांनंतरची एखादी रात्र अवलंबून असते.

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.